साथ गोठ्यात शिरते तेव्हा : निदानाआधीच्या दिवसांविषयी

पशुसेवक

जनावरांच्या विषाणूजन्य साथीचा विषय निघाला की चर्चा बहुधा औषध आणि लस या दोनच गोष्टींभोवती फिरते. कोणते औषध द्यावे, लस कधी टोचावी, लस टोचूनही रोग का आला, हे प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तच आहेत. परंतु आयुष्याची बरीच वर्षे गोठ्यांतून फिरण्यात गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की साथ पसरणार की जागच्या जागी विझणार, याचा निकाल बहुतेक वेळा निदान होण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत लागलेला असतो. त्या दिवसांविषयी आपण फार कमी बोलतो, म्हणून हा धागा काढला आहे. लिहिताना मुख्यतः लाळ्या-खुरकूत डोळ्यांसमोर आहे. लम्पी त्वचारोग आणि पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग यांच्याविषयी जेथे वेगळे सांगण्यासारखे आहे तेथे सांगेन.

सुरुवात माझ्या हातून झालेल्या चुकीने करतो. नोकरीच्या अगदी पहिल्या काळात एका गोठ्यात पहाटेच्या धारेच्या वेळी मला बोलावले होते. गाय तोंडात काहीही नसताना सारखी मचमच करीत होती, ओठांपासून गव्हाणीपर्यंत लाळेची तार लोंबत होती आणि मागचा एक पाय ती पुन्हा पुन्हा झटकत होती. मालकाला वाटले की दातांत काटा अडकला असावा. मी तोंडात हात घालून जीभ धरली, तेव्हा जिभेवरची साल ओल्या कागदासारखी सुटून माझ्या मुठीत आली आणि खाली लालभडक मांस दिसले. निदानाला आणखी काही लागत नव्हते. मी हात धुतले, तोंड आणि खूर धुण्याचे औषध सांगितले, आणि त्याच बुटांनी, तीच दोरी पिशवीत टाकून, पुढच्या गोठ्यात एका गाभण म्हशीला तपासायला गेलो. पाचव्या दिवशी त्या दुसऱ्या गोठ्यात जनावरे लाळ गाळू लागली आणि तेथली दोन वासरे एका रात्रीत दगावली. त्या वेळी मला तो योगायोग वाटला होता. आज वाटत नाही.

लाळ्या-खुरकुतात संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात. फोड दिसण्याच्या आधीही दुधात आणि लाळेत विषाणू असू शकतो. म्हणजे जनावर धडधाकट दिसत असताना, चारा खात असताना आणि बादलीभर दूध देत असताना त्याच्यापासून रोग बाहेर पडू लागलेला असू शकतो. त्या दिवसांत आपण काय करतो ते आठवून पाहावे. दूध नेणारी गाडी रोज दारात येते, धार काढणारा माणूस एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, चारा आणणारी गाडी चार ठिकाणी थांबते, एखादे जनावर विकले जाते, शेजारी घटकाभर गप्पा मारायला दावणीशी येऊन उभा राहतो. यात कोणाचाही दोष नसतो, पण विषाणूला चालता येत नाही; त्याला आपणच चालवतो.

ग्रेट ब्रिटनमधील २००१ सालची साथ या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. २० फेब्रुवारीला एका कत्तलखान्यातील डुकरांमध्ये रोगाचे निदान पक्के झाले आणि देशभरातील जनावरांची ने-आण २३ फेब्रुवारीला थांबवण्यात आली. नंतर माग काढला तेव्हा असे आढळले की २० तारखेपर्यंत किमान ५७ ठिकाणी संसर्ग आधीच पोहोचलेला होता. ज्या डुकरांच्या गोठ्यातून तो निघाला असे मानले जाते, तेथे जनावरांना नीट न उकळलेले उष्टे-खरकटे घातले जात होते. जवळच्या मेंढ्यांना त्याची लागण झाली, आणि मेंढ्यांमध्ये या रोगाची लक्षणे इतकी सौम्य असतात की एखादी मेंढी जराशी लंगडते आणि दोन दिवसांनी कळपाबरोबर चालू लागते. त्या मेंढ्या बाजारात गेल्या, बाजारातून व्यापाऱ्यांबरोबर देशभर गेल्या. शेवटचा रुग्ण सप्टेंबरअखेरीस सापडला, तोवर २,०२६ ठिकाणे बाधित ठरली होती आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारली गेली होती.

त्याच देशात ३ ऑगस्ट २००७ रोजी हा रोग पुन्हा आढळला. या वेळी विषाणू संशोधन आणि लसनिर्मितीच्या परिसरातील गळक्या सांडपाणी-वाहिनीतून बाहेर पडला होता. निदान होताच त्याच रात्री जनावरांची ने-आण देशभर बंद करण्यात आली आणि एकूण ८ ठिकाणांवर साथ संपली. दोन्ही वेळची परिस्थिती सारखी नव्हती हे मान्य आहे. २००७ साली रोग बाजारापर्यंत पोहोचलाच नव्हता. परंतु २,०२६ आणि ८ या दोन आकड्यांमधील अंतराचा मोठा वाटा त्या पहिल्या दिवसांकडे जातो, असे मी मानतो.

संशय आल्यावर पहिल्या तासात करावयाचे काम साधे आहे. आजारी जनावराला हात लावण्याआधी गोठ्याचे फाटक बंद करावे. आतले जनावर बाहेर जाणार नाही, बाहेरचे आत येणार नाही. दूध, शेण, चारा, भांडी आणि माणसे यांचीही ये-जा थांबवावी. मग पशुवैद्यकाला कळवावे, आणि कळवताना संशय कोणत्या रोगाचा आहे ते स्पष्ट सांगावे, म्हणजे तो तयारीनिशी आणि दिवसाची शेवटची भेट म्हणून येईल. तो येईपर्यंत एक वही घेऊन मागील चौदा दिवसांत गोठ्यात कोण आले, गोठ्यातून काय बाहेर गेले आणि कोणते जनावर नवे आले, हे आठवून लिहून काढावे. माझ्या अनुभवात औषधांच्या पेटीपेक्षा या वहीने अधिक गोठे वाचवले आहेत.

---

नवी दावण

लेख दोनदा वाचला. माझा प्रश्न तातडीचा आहे म्हणून थेट लिहिते. माझ्याकडे सहा गाई आणि तीन वासरे आहेत. चार दिवसांपूर्वी एक कालवड विकत आणली आणि जागा नसल्यामुळे ती इतर जनावरांच्या रांगेतच बांधली. कालपासून ती चारा कमी खाते आहे आणि आज सकाळी तिच्या तोंडातून फेस येताना दिसला. पाय टेकताना ती थोडी कचरते असेही वाटते. बाकीची जनावरे ठीक आहेत. ही कालवड आता वेगळी करण्याचा काही उपयोग आहे का, की उशीर झाला?

---

पशुसेवक

उशीर झाला असेल किंवा नसेलही, पण वेगळी कराच, आणि पशुवैद्यकाला आत्ताच फोन करा. हे वाचून संपवण्याआधी केला तरी चालेल.

कालवड गोठ्याच्या अशा बाजूला न्या की तिच्याकडून येणारा वारा आणि तिच्याखालून वाहणारे मूत्र व पाणी इतर जनावरांकडे जाणार नाही. तिची बादली, दोरी, चाऱ्याची पाटी आणि झाडू वेगळे ठेवा व त्यांवर रंगाची खूण करा, कारण अंधारात आणि घाईत हात सवयीच्या बादलीकडेच जातो. शक्य असेल तर तिचे सगळे एकाच माणसाने करावे आणि त्याने इतर जनावरांना हात लावू नये. घरात दुसरे माणूस नसेल तर आधी निरोगी जनावरांची सगळी कामे उरकावीत, तिच्याकडे शेवटी जावे, परतल्यावर कपडे बदलावेत, हात कोपरापर्यंत धुवावेत. हा क्रम एकदाही उलटा होऊ देऊ नका.

ती जेथे बांधली होती ती जागा, गव्हाण आणि दावणीचा खुंटा आधी खरवडून साध्या पाण्याने स्वच्छ करा. शेणाचा थर तसाच ठेवून वर औषध ओतले तर ते औषध शेणातच संपते. त्यानंतर धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण, म्हणजे १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम सोडा, भरपूर वापरा. खाण्याचा सोडा नव्हे, धुण्याचा. लाळ्या-खुरकुताचा विषाणू आम्ल आणि क्षार या दोन्हींपुढे दुबळा आहे. सामू, म्हणजे आम्ल-क्षार मोजण्याचे माप (पीएच), ६ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की तो टिकत नाही. फिनेल ओतून गोठ्याला वास येईल, पण या विषाणूवर त्याचा भरवसा धरू नका.

वासरांना आईपासून तोडायचे की नाही हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा, परंतु ज्या गाईला ताप किंवा लाळ दिसेल तिला वासरू मुळीच पाजू नका. मोठी जनावरे बहुधा तगतात. लहान वासरांमध्ये मात्र हा विषाणू हृदयाच्या स्नायूवर जातो, आणि तोंडात एकही फोड न दिसता वासरू उभ्याचे कोसळते.

आणखी एक विनंती. ती कालवड जेथून आणली त्यांना कळवा. दोष देण्यासाठी नव्हे, तर त्यांच्याकडची बाकी जनावरे कोठे कोठे गेली हे शोधता यावे म्हणून.

---

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेत काम करीत असल्यामुळे दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली नमुन्याविषयी. फोड फुटलेला नसेल किंवा नुकताच फुटला असेल तेव्हा त्यावरची साल हा सर्वांत चांगला नमुना असतो, आणि ती सुमारे १ ग्रॅम तरी मिळावी लागते. ती साध्या पाण्यात किंवा आम्लधर्मी द्रवात ठेवली तर आमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत विषाणू मेलेला असतो. पशुवैद्यक त्यासाठी ग्लिसरीनयुक्त, सामू ७.२ ते ७.६ राखणारा द्रव वापरतात. त्यामुळे नमुना मालकाने स्वतः काढून पाठवण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरी गोष्ट फोडाच्या वयाविषयी. पहिल्या दोन दिवसांत फोड पाण्याने भरलेला आणि न फुटलेला असतो. त्यानंतर तो फुटतो, कडेला सालीचे लक्तर लोंबते आणि तळ लाल, ओलसर दिसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तळावर पिवळसर थर चढू लागतो, आणि आठवडा उलटल्यावर कडा भरून येऊन फिकट वण उरतो. हे मोजमाप अगदी काटेकोर नसते, जखम जुनी होत गेली की चूक वाढते. तरी गोठ्यातील सगळ्या जनावरांची तोंडे पाहून सर्वांत जुनी जखम कोणाची हे ठरवले, तिचे वय काढले आणि त्यातून आणखी २ ते १४ दिवस मागे गेले, की विषाणू कोणत्या दिवसांत आत आला असेल याची चौकट मिळते. ‘पशुसेवक’ यांनी सांगितलेली वही नेमकी त्या चौकटीवर ठेवून वाचायची असते. पुष्कळदा असे दिसते की ज्याला पहिला रुग्ण समजले जात होते तो दुसरा किंवा तिसरा आहे, आणि खरा पहिला कोपऱ्यात वण घेऊन निवांत रवंथ करीत बसला आहे.

१८९८ साली लोफ्लर आणि फ्रॉश यांनी हा रोग जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जातो हे दाखवले. प्राण्यांच्या विषाणूचा तो पहिला शोध होता. तेव्हापासून इतका काळ लोटला, तरी गोठ्यात पहिला पुरावा अजूनही जिभेच्या सालीतच सापडतो.

---

गोपालक

‘पशुसेवक’ यांच्या लेखाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु एक बाजू राहून गेली आहे. कळवा म्हणणे सोपे आहे. ज्याने कळवले त्याचे दूध त्या दिवसापासून कोणी घेत नाही, त्याचे जनावर विकले जात नाही, येणारे-जाणारे त्याच्या फाटकाकडे बोट दाखवतात, आणि काही देशांत तर त्याचा सगळा कळप मारला जातो. ज्याने लपवले त्याची जनावरे दहा-पंधरा दिवसांत खाऊ-पिऊ लागतात आणि त्याला कोणी काही विचारत नाही. अशा परिस्थितीत प्रामाणिक माणसालाच शिक्षा होते. आमच्या गोठ्यात रोग आला होता तेव्हा मी कळवले होते, आणि ते आठवडे कसे काढले हे मलाच माहीत आहे. पुन्हा वेळ आली तर कळवेन का, याचे उत्तर मला प्रामाणिकपणे चटकन देता येत नाही.

---

पशुसेवक

आपण लिहिलेले शब्दशः खरे आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवे होते. नुकसानभरपाईकडे अनेक जण दानधर्म म्हणून पाहतात; मी ती लसीइतकेच महत्त्वाचे रोगनियंत्रणाचे साधन मानतो. हे शहाणपण नवे नाही. १७१४ साली इंग्लंडमध्ये बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग शिरला, तेव्हा राजाच्या पदरी असलेले शल्यचिकित्सक थॉमस बेट्स यांनी आजारी गुरे विकत घेऊन मारावीत व जाळावीत आणि मालकाला त्याबद्दल पैसे द्यावेत, अशी योजना केली. विषाणू म्हणजे काय हे त्या काळी कोणालाही ठाऊक नव्हते, पण लपवणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचा तोटा कमी झाला पाहिजे हे त्यांना कळले होते, आणि ती साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. त्याच सुमारास रोममध्ये पोपचे वैद्य लान्सिसी यांनी ने-आण बंद करणे, आजारी गुरे मारणे आणि चुन्यात पुरणे असे कडक नियम घालून दिले होते. दोघांचे मार्ग मुळात एकच होते. बेट्स यांनी त्यात मालकाच्या अडचणीचाही विचार केला, म्हणून मला ते अधिक जवळचे वाटतात.

भरपाई उशिरा मिळाली तर मात्र तिचा रोगनियंत्रणाला उपयोग होत नाही. पुढच्या वेळी कळवायचे की नाही हे माणूस मागच्या वेळी पैसे किती दिवसांनी हातात पडले यावरून ठरवतो. म्हणून हा प्रश्न ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांच्यापुढे आपण सर्वांनी लावून धरला पाहिजे.

---

दुग्धव्यावसायिक

माझा मुद्दा लसीविषयी आहे. आम्ही नेमाने लस टोचून घेतली होती, तरी गोठ्यात लाळ्या-खुरकूत आला. त्यानंतर आमच्याकडील कामगारांचा लसीवरचा विश्वास उडाला. त्यांना काय सांगावे?

---

सूक्ष्मदर्शी

त्यांना आधी हे सांगावे की या रोगाचा विषाणू एक नाही. त्याचे ओ, ए, सी, आशिया-१ आणि सॅट १, २, ३ असे सात प्रकार आहेत. त्यांपैकी ‘सी’ २००४ नंतर कोठे आढळलेला नाही, पण उरलेल्या सहांपैकी एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही. एकाच प्रकारातही वाणभेद इतके असतात की लसीतला वाण आणि फिरणारा वाण जुळतो का, हे सतत तपासावे लागते.

दुसरे असे की ही लस मारलेल्या विषाणूची आहे. पहिल्या टोचणीनंतर सुमारे चार आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली नाही तर प्रतिकारशक्ती कच्ची राहते, आणि नीट दिली तरी ती साधारण चार ते सहा महिन्यांत उतरू लागते. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. ती उन्हात राहिली तर वाया जाते हे सर्वांना माहीत असते, पण ती बर्फात गोठली तरीही वाया जाते हे पुष्कळांना माहीत नसते. बर्फाच्या लादीला थेट चिकटवून आणलेली कुपी मी स्वतः परत पाठवली आहे. शिवाय टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे रोग दाराशी आल्यावर टोचलेली लस पुष्कळदा शर्यतीत मागे पडते.

आणि तिसरे, जे कामगारांना पटवणे अवघड जाईल. लस टोचलेल्या जनावराला संसर्ग होऊ शकतो, फक्त ते कमी आजारी पडते आणि कमी विषाणू बाहेर टाकते. संसर्ग होऊन गेलेल्या काही जनावरांच्या घशात विषाणू २८ दिवसांहून अधिक काळ रेंगाळतो; गाईंमध्ये तर साडेतीन वर्षांपर्यंत आढळला आहे. शुद्ध केलेली लस वापरली असेल तर रक्ताची विशिष्ट तपासणी करून केवळ लसीची प्रतिपिंडे (रोगाशी लढण्यासाठी रक्तात तयार होणारी द्रव्ये) कोणती आणि प्रत्यक्ष संसर्गाची कोणती हे ओळखता येते. २००१ साली नेदरलँड्समध्ये साथ थोपवण्यासाठी ज्या जनावरांना लस टोचली, तीही पुढे मारण्यात आली, कारण लस टोचलेली जनावरे ठेवली तर निर्यातीची दारे अधिक काळ बंद राहिली असती. आमच्या क्षेत्रातील अनेकांना ती गोष्ट अजून सलते.

---

मेंढपाळ

लसीचा विषय निघालाच आहे तर बुळकांडीविषयी लिहावेसे वाटते, कारण ती संपवण्यात आमच्यासारख्या फिरत्या कळपवाल्यांचा हात होता हे फारसे कोणी सांगत नाही.

आफ्रिकेत १९६२ ते १९७६ या काळात २२ देशांत मिळून लसीकरणाची मोठी मोहीम झाली. वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेली लस अतिशय चांगली होती. एका टोचणीत जन्मभराचे संरक्षण मिळत असे. रोग जवळजवळ संपला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, लसीकरण मागे पडले, आणि दुर्गम भागांत उरलेल्या दोन-चार ठिकाणांहून तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उसळला. लस शीतपेटीशिवाय नेता येत नव्हती आणि जेथे रोग लपला होता तेथे ना रस्ता होता ना वीज. पुढे जेफ्री मॅरिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अशा रीतीने सुकवली की सुमारे महिनाभर ती शीतपेटीबाहेर टिकू लागली. मग ती पाठीवर घेऊन चालत जाणारी माणसे लागली, आणि ती पशुपालकांमधूनच शिकवून तयार केली गेली. कोणता कळप कोणत्या पाणवठ्यावर कधी उतरतो, कोणाच्या गुरांचे डोळे गळत आहेत, हे त्यांना विचारावे लागत नव्हते. शेवटचा रुग्ण २००१ साली केनियातील रानरेड्यांमध्ये आढळला आणि २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर उच्चाटन झालेला हा दुसराच रोग.

पीपीआरचा विषाणू बुळकांडीच्या विषाणूच्या नात्यातला आहे. त्याचीही एकच टोचणी तीन वर्षे तरी पुरते, आणि २०३० पर्यंत तो संपवण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. अडचण अशी की शेळ्या-मेंढ्यांचा कळप दर वर्षी निम्मा-अर्धा बदलतो. गेल्या वर्षी टोचलेल्या विकल्या जातात आणि यंदाची करडे कोरी असतात. मोहिमेची तारीख कळप वितो त्या हंगामाकडे पाहून ठरवली नाही, तर कागदावर टोचण्या भरतात आणि कळप उघडाच राहतो. ही तारीख ठरवताना आम्हाला विचारावे, एवढेच मागणे आहे.

---

पशुसेवक

‘मेंढपाळ’ यांनी लिहिलेला प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. बुळकांडीला एकच प्रकार होता, बरे झालेले जनावर विषाणू बाळगत नसे, कीटकांमार्फत ती पसरत नसे आणि शरीराबाहेर विषाणू फार काळ जगत नसे. लाळ्या-खुरकूत यांपैकी बहुतेक बाबतींत उलटा आहे, म्हणून एकाचे उच्चाटन झाले तसे दुसऱ्याचे त्याच वेगाने होईल अशी आशा मी धरत नाही.

लम्पीविषयी थोडक्यात लिहितो. तेथे फाटक बंद करून भागत नाही, कारण चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड फाटकावरून जातात. गाठींच्या वाळलेल्या खपल्यांमध्ये विषाणू महिनाभर टिकतो. म्हणून शेणाचे ढीग आणि साचलेले पाणी हटवणे, गोचिडांचा बंदोबस्त आणि परिसरातील जवळजवळ सर्व गुरांना लस हाच मार्ग आहे. आग्नेय युरोपात सरसकट लसीकरण केल्यावर २०१६ साली ७,४८३ असलेले प्रादुर्भाव २०१७ साली ३८५ वर आले. लस टोचताना मात्र प्रत्येक जनावराला नवी सुई वापरा. एकाच सुईने सगळी रांग टोचणारा माणूस डासाचेच काम करीत असतो, आणि त्याहून चोख करीत असतो.

---

नवी दावण

वर विचारलेल्या प्रश्नाचे पुढे काय झाले ते कळवते. पशुवैद्यक त्याच दिवशी संध्याकाळी आले, नमुना गेला, लाळ्या-खुरकूतच निघाला. कालवड वेगळी केली होती तरी सहाव्या दिवशी तिच्या शेजारी बांधलेल्या दोन गाईंना ताप आला आणि नवव्या दिवशी एक वासरू गेले. सकाळी दूध प्यायले होते आणि दुपारी पाहिले तर पाय ताणून पडले होते. उरलेल्या चार गाई आणि दोन वासरे आज बाविसाव्या दिवसापर्यंत ठीक आहेत. कालवडीच्या मूळ मालकांना फोन केला तेव्हा ते आधी चिडले, मग दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांच्याकडून आणखी तीन जनावरे गेली होती आणि तिन्ही ठिकाणी त्यांनी स्वतः कळवले.

वही लिहिली होती. त्यात आमचा धार काढणारा माणूस आणखी दोन घरी जातो हे लिहिताना माझा हात थांबला होता, कारण त्याची रोजी बुडणार होती. लिहिले. तेवढ्या दिवसांची त्याची मजुरी आम्ही तिन्ही घरांनी वाटून दिली. त्या दोन घरी रोग गेला नाही.

आता आजारी पडलेल्या तिघी चारा खातात, खुरांच्या जखमा भरल्या आहेत. त्यांना पुन्हा रांगेत कधी बांधू? आणि नव्या जनावरासाठी जागा कायमची वेगळी करायची ठरवले आहे, तेथे किती दिवस ठेवावे?

---

पशुसेवक

वासराचे वाचून वाईट वाटले. त्या माणसाची मजुरी वाटून देण्याची कल्पना मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

नवे जनावर किमान २१ दिवस, लम्पीचा धाक असेल तेथे २८ दिवस वेगळे ठेवा. दिवस शेवटचे जनावर त्या जागेत आले तेव्हापासून मोजायचे. मध्येच दुसरे आणून बांधले तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. आजारातून उठलेल्या गाईंसाठी शेवटची जखम भरल्यापासून आणखी चार आठवडे थांबा, आणि पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय दावण बदलू नका. त्या आधी रिकामी झालेली जागा खरवडून दोनदा सोड्याने धुवा, आणि दोन धुण्यांमध्ये आठवडाभर उन्हाने सुकू द्या. भिंतीच्या कडेला आणि गव्हाणीच्या तळाशी वाळलेली लाळ चिकटून राहते, तेथे हाताने ब्रश फिरवा.

---

नवी दावण

शेवटची जखम गेल्या गुरुवारी भरली, म्हणजे अजून तीन आठवड्यांहून अधिक दिवस आहेत. गव्हाणीचा तळ आज दिव्याच्या उजेडात पाहिला. खाली खरोखरच पांढरट पापुद्रा होता, दोनदा धुवूनही राहिलेला. तो काढला. पशुवैद्यकांना चौथ्या गुरुवारी यायला सांगितले आहे, तोवर तिघी पलीकडेच राहतील.